ऑनलाइन व्हीबीएस: पवित्र शास्त्रातल्या गोष्टी दाखवायच्या की सांगायच्या?

प्रश्न: "आमची छोटी मंडळी श्रीरामपूरजवळ आहे. दर मे महिन्यात आठवडाभर व्हीबीएस (व्हेकेशन बायबल स्कूल, म्हणजे सुट्टीत मुलांना पवित्र शास्त्रातल्या, बायबलमधल्या, गोष्टी शिकवायचा वर्ग) घेतो. यंदा निम्मी कुटुंबं पुण्या-मुंबईला, दोन दुबईत, आणि उरलेली मुलं मामाच्या गावी पांगलेली, म्हणून ऑनलाइन घ्यायचं ठरलं. मुलं ५ ते १२ वर्षांची, साधारण पंचवीस. मी पहिल्यांदाच शिकवणार आहे. रोज कोणती गोष्ट घ्यावी? कार्टूनचे व्हिडिओ दाखवावेत का? मुलं कॅमेरा बंद करून निघून जातात, त्याचं काय करावं? आणि शेवटी सर्टिफिकेट द्यावं का?"

ताई, सलाम. मी ३१ वर्षं संडे स्कूल घेते आहे, त्यातली बरीच वर्षं प्राथमिक शाळेतली नोकरी सांभाळून. २०२० पासून दर उन्हाळ्यात व्हीबीएस ऑनलाइनही घेते. तुमच्या चारही प्रश्नांवर बोलते. त्याआधी एक गोष्ट मनाशी पक्की धरा, बाकीचं तिच्यातूनच निघतं. ऑनलाइन व्हीबीएसचा वर्ग फोनमध्ये भरत नाही, तो मुलाच्या घरात भरतो. चर्चच्या हॉलमध्ये मूल एकटं येतं. ऑनलाइनला त्याच्या मागे चटईवर आजी शेंगा फोडत बसलेली असते, आई पोळ्या लाटत असते, आजोबा पेपर वाचल्यासारखं करत ऐकत असतात. हॉलमध्ये आपल्याला ही माणसं कधीच मिळत नाहीत. म्हणून तयारी करताना स्क्रीनवर काय दिसेल याचा विचार थोडा करा आणि गोष्ट संपल्यावर त्या घरात काय बोललं जाईल याचा जास्त करा.

व्हिडिओबद्दल माझं मत स्पष्ट आहे: गोष्टीच्या जागी व्हिडिओ नको. २०२० साली मी ती चूक केली. लॉकडाउन होता, मुलं कंटाळलेली होती, मला वाटलं रंगीत काहीतरी दाखवावं. योनाची गोष्ट होती. बारा मिनिटांचं छान कार्टून लावलं, मुलं खिळून बसली, मी खूश. दुसऱ्या दिवशी विचारलं, "काल योनाचं काय झालं?" एकाने माशाचा आवाज काढून दाखवला. दुसरीने माशाच्या पोटात कोण कोण नाचत होतं ते सांगितलं. देवाने योनाला ज्या नगराकडे पाठवलं होतं त्या निनवेचं नाव पंधरापैकी एकालाही आठवलं नाही. योना तिकडे न जाता का पळाला, हेही कुणाला सांगता आलं नाही. मुलांचा काही दोष नव्हता. त्यांनी जे पाहिलं तेच त्यांना आठवलं.

बहुतेक कार्टूनं योनाची गोष्ट माशाने त्याला किनाऱ्यावर ओकून टाकलं की आटोपतात, हेही तेव्हा माझ्या लक्षात आलं. पवित्र शास्त्रात त्यानंतर दोन अख्खे अध्याय आहेत. निनवेची माणसं पश्चात्ताप करतात, देव त्यांना क्षमा करतो आणि योना त्यावर रुसून बसतो. उन्हात त्याच्या डोक्यावर सावली धरणारा वेल एका रात्रीत वाळतो तेव्हा त्याला त्या वेलाचं वाईट वाटतं. मग देव विचारतो: तुला या वेलाची कीव येते, तर ज्या नगरात १,२०,००० हून अधिक माणसं आहेत आणि पुष्कळ गुरंढोरं आहेत, त्याची मला कीव येऊ नये का? पुस्तक त्या प्रश्नावरच संपतं, योनाचं उत्तर दिलेलंच नाही. मुलांना हे सांगून बघा. "मग योना काय म्हणाला?" असं ती विचारणारच, आणि तुम्ही म्हणायचं, "लिहिलेलं नाही. तुला काय वाटतं?" माझ्या वर्गातल्या सात वर्षांच्या एका मुलीने फक्त "गुरंढोरं पण?" असं विचारलं होतं. तिच्या घरी दोन म्हशी होत्या.

आता गोष्टींची निवड. बहुतेक ठिकाणी पाच दिवस पाच गोष्टी घेतात: नोहा, मोशे, दावीद, दानीएल, येशू. हॉलमध्ये ते चालतं. ऑनलाइनला माझा सल्ला असा की पाचही दिवस मिळून एकच लांब गोष्ट घ्या आणि रोज अशा जागी थांबवा की मूल दुसऱ्या दिवशी स्वतःहून फोन मागेल. तशी सगळ्यात चांगली गोष्ट योसेफाची, शास्त्रातल्या उत्पत्ती या पहिल्या पुस्तकाचा ३७वा अध्याय आणि मग ३९ ते ४५. आमच्याकडे ती तीनदा झाली आणि तिन्ही वेळा शेवटच्या दिवशी मुलं पहिल्या दिवसापेक्षा जास्त होती.

पहिला दिवस झग्यापासून सुरू करा. आपल्या मराठी शास्त्रात 'पायघोळ झगा' आहे, इंग्रजी चित्रांच्या पुस्तकांत तो रंगीबेरंगी असतो. मूळ हिब्रू शब्दाचा अर्थ दोन्हीकडे लावता येतो म्हणून हा फरक. इंग्रजी माध्यमातली मुलं विचारतील, तेव्हा तसं सांगून टाका. मग स्वप्नं, भावांचा जळफळाट, १७ वर्षांचा योसेफ त्यांना शोधत रानात येतो, आणि ते त्याला कोरड्या खड्ड्यात टाकतात. इथे एक वाक्य अजिबात सोडू नका. शास्त्रात लिहिलं आहे की त्याला खड्ड्यात टाकून ते जेवायला बसले. ते सावकाश म्हणा आणि गप्प राहा. मागे एकदा मी तसं थांबले तेव्हा म्यूट असलेल्या एका चौकटीत मुलाचे ओठ हलताना दिसले. अनम्यूट केलं तर तो आईला विचारत होता, "वर बसून जेवत होते?" तिथून उंटांवर मसाले लादून मिसरकडे (इजिप्तकडे) चाललेला तांडा दिसतो, आणि दिवस संपवायचा.

या अध्यायात योसेफ खड्ड्यातून ओरडला की नाही, हे लिहिलेलं नाही. ते पुढे ४२व्या अध्यायात, वीसएक वर्षांनंतर, भावांच्याच तोंडून कळतं: तो आपल्याला काकुळतीने विनवत होता आणि आपण ऐकलं नाही. म्हणून पहिल्या दिवशी त्याला ओरडायला लावू नका, कितीही मोह झाला तरी. चौथ्या दिवसासाठी राखून ठेवा. शास्त्राने जे मागे ठेवलं आहे ते आपणही मागे ठेवावं, मग ते ऐकताना मुलांच्या अंगावर काटा येतो.

दुसऱ्या दिवशी योसेफाला विकत घेणाऱ्या मिसरी सरदाराचं, पोटीफरचं घर आणि तुरुंग. पोटीफरच्या बायकोचं काय सांगायचं, असं शिक्षक नेहमी विचारतात. "तिने त्याला वाईट गोष्ट करायला सांगितली, तो नाही म्हणाला, तेव्हा तिने त्याच्यावर खोटा आळ घेतला." एवढं पुरतं. तिसऱ्या दिवशी मिसरच्या राजाची, फारोची स्वप्नं, सात धष्टपुष्ट गाई आणि सात हडकुळ्या. पाच-सहा वर्षांच्या मुलांना हाताच्या बोटांवर गाई मोजायला लावा, त्यांना ते फार आवडतं. स्वप्नांचा अर्थ सांगून मिसरचा कारभारी झालेला योसेफ आता ३० वर्षांचा आहे हे सांगा. म्हणजे १७ पासून किती वर्षं झाली, हे मोठ्यांना काढू द्या.

तिसऱ्या दिवशी वर्ग संपताना आम्ही एक काम देतो: घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला विचारा, "तुम्ही दुष्काळ पाहिला का? तेव्हा काय खाल्लं?" पहिल्यांदा दिलं तेव्हा फारशी अपेक्षा नव्हती. दुसऱ्या दिवशी पाथर्डी तालुक्यातल्या एका मुलाने सरळ आजीलाच फोनसमोर बसवलं. आजीने डोक्यावरचा पदर नीट केला, फोनकडे न बघता नातवाकडे बघत १९७२ सांगायला लागली. सकाळी खडी फोडायला जायचं, लहानग्याला झोळीत बांधायचं. मिलो मिळायचा, परदेशातून आलेली लाल ज्वारी, तिची भाकरी थापताना मोडायची. पोरांना सुकडी वाटायचे. विहिरीच्या तळातून वाटीने पाणी भरायचं. बोलता बोलता ती म्हणाली, "आमच्या मालकांनी बैल विकले त्या दिवशी कुणी जेवलं नाही." बावीस चौकटी, आणि कुठेच हालचाल नव्हती. ठरवलेली दहा मिनिटं कधीच उलटली होती, मी तिला थांबवलं नाही.

त्यानंतर मी एवढंच म्हणाले, "कनान देशात असाच दुष्काळ पडला. आणि याकोबाने आपल्या मुलांना विचारलं, एकमेकांच्या तोंडाकडे काय बघत बसलात? मिसरात धान्य आहे असं ऐकलंय." योसेफाचे दहा भाऊ धान्य आणायला निघाले. त्या दिवशी मला काहीच समजावून सांगावं लागलं नाही. दुष्काळ म्हणजे काय, धान्यासाठी परमुलखात जाणं म्हणजे काय, हे मुलांनी आजीच्या तोंडून आत्ताच ऐकलं होतं. चर्चच्या हॉलमध्ये ती आजी कुठून आली असती?

चौथ्याच दिवशी आणखी एक जागा आहे. भाऊ योसेफाला ओळखत नाहीत. तो त्यांच्याशी दुभाष्यामार्फत बोलतो, म्हणून ते त्याच्यासमोरच आपल्या भाषेत बोलतात, 'आपण त्याची विनवणी ऐकली नाही' हे. त्याला सगळं कळतंय हे त्यांना माहीत नाही. तो बाजूला जाऊन रडतो. तुमच्या दुबईच्या मुलांना हे इतरांपेक्षा लवकर समजेल. परक्या देशात बाजारात कुणीतरी अचानक मराठी बोलतं तेव्हा कसं वाटतं, ते त्यांनाच विचारा.

पाचव्या दिवशी धाकट्या भावाच्या, बन्यामीनच्या गोणीत सापडलेला रुप्याचा प्याला, आणि दहा भावांपैकी यहूदाचं बोलणं. दहा-बारा वर्षांच्या मुलांना एक प्रश्न नक्की विचारा: योसेफाला विकायची कल्पना कुणाची होती? यहूदाची. आणि आता बन्यामीनच्या बदल्यात मला गुलाम ठेवा, असं कोण म्हणतं? तोच यहूदा. हे मुलांना स्वतः सापडू द्या, तुम्ही सांगू नका. मग योसेफ भाऊ सोडून बाकी सगळ्यांना बाहेर काढतो, मोठ्याने रडतो आणि म्हणतो, "मी योसेफ आहे." पुढचा त्याचा प्रश्न असतो, माझा बाप अजून जिवंत आहे का?

तिथे थांबा. "मुलांनो, यावरून आपण काय शिकलो?" हे वाक्य मी शाळेत वीस वर्षं वापरलं आणि संडे स्कूलमध्ये सोडून दिलं. तात्पर्य विचारलं की मुलं तुम्हाला हवं ते उत्तर देतात: क्षमा करावी, खोटं बोलू नये, आईबाबांचं ऐकावं. ते उत्तर त्यांना गोष्ट ऐकण्याआधीही येत होतं. त्याऐवजी विचारा: कुणाची दया आली? कुणाचा राग आला? तू तिथे कुठे उभा असतास? उधळ्या पुत्राच्या गोष्टीनंतर (धाकटा मुलगा आपली वाटणी उधळून घरी परततो आणि बाप मेजवानी घालतो, ती) हा प्रश्न विचारला तेव्हा एक नऊ वर्षांचा मुलगा म्हणाला, "मला मोठ्या भावाची दया आली. त्याला बोलवायला कुणी गेलंच नाही, त्याला गाण्याचा आवाज आला तेव्हा कळलं." लूकच्या शुभवर्तमानाचा १५वा अध्याय उघडून बघा, अगदी तसंच आहे. तो शेतातून येतो, त्याला वाद्यांचा आवाज ऐकू येतो आणि त्याला चाकराला विचारावं लागतं. इतकी वर्षं ही गोष्ट सांगून माझं तिकडे लक्ष गेलं नव्हतं. बाप त्याचीही समजूत घालायला बाहेर येतो, हे मी त्या मुलाला वाचून दाखवलं. त्याने मान हलवली, पण पूर्ण पटलं नव्हतं असं दिसलं. असू दे.

भाषेबद्दल थोडं. आपल्या मराठी शास्त्रात मुलांच्या ओळखीचे शब्द जागोजागी आहेत आणि आपणच ते इंग्रजी वर्कबुकच्या नादात गमावतो. येशूला बघायला जक्कय झाडावर चढला ते झाड मराठीत उंबर आहे. मूळचं यरीहोतलं झाडही उंबराच्याच कुळातलं, त्यालाही फळं खोडाला आणि जाड फांद्यांना लगडतात. मुलांना उंबराखाली जाऊन वर बघायला सांगा. गरीब विधवा रूथ शेतात 'सरवा' वेचते. कापणीनंतर मागे पडलेली कणसं गोरगरिबांनी वेचावी हा रिवाज ज्यांच्या आजोळी होता, त्यांना त्या एका शब्दात रूथची परिस्थिती कळते. येशू पाच हजारांना जेवू घालतो तेव्हा तिथल्या एका मुलाजवळ जवाच्या पाच भाकरी असतात, ब्रेडचे तुकडे नव्हे. डब्यातली भाकरी त्या दिवशी कॅमेऱ्यासमोर धरायला सांगा.

आणि दावीदाची गोफण. पुण्यातल्या एका मुलाने तिचं चित्र काढलं तर ती बेचकी निघाली, वाय आकाराची, रबर लावलेली. त्याच वर्गात नेवाशाकडचे एक आजोबा मागे बसले होते. ते उठून गेले, आम्हाला वाटलं कंटाळले. पाच मिनिटांनी सुतळीने विणलेली खरी गोफण घेऊन आले, ज्वारी राखताना पाखरं हुसकायला माळ्यावरून मारायचे ती. मधल्या पट्ट्यात दगड कसा बसतो, एक टोक बोटात कसं अडकवतात आणि दुसरं कधी सोडतात, हे त्यांनी अंगणात जाऊन दाखवलं. सून हातात फोन धरून मागे मागे धावत होती. दगड सुटताना सटकन आवाज आला. त्यानंतर दावीदाने गोफणीने पाडलेल्या, सहा हात एक वीत उंचीच्या गल्याथाची गोष्ट सांगायला मला काही कष्ट पडले नाहीत.

ही परंपरा आपल्याकडे जुनी आहे, हे मनात असू द्या. गोव्यात राचोलला १६१६ साली छापलेलं फादर थॉमस स्टीफन्स यांचं क्रिस्तपुराण दहा हजारांहून जास्त मराठी ओव्यांचं आहे. लोकांना पुराणं ऐकायची सवय होती आणि त्यांनी तसं काही आपल्याला द्या म्हणून मागितलं, त्यातून ते घडलं. त्यात ऐकणारे मध्येच प्रश्न विचारतात आणि पाद्री उत्तर देतो. पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून अख्खं शास्त्र साध्या बायाबापड्यांना कळेल अशा मराठीत आणलं, ते त्यांच्या निधनानंतर १९२४ साली केडगावच्या मुक्ती मिशनमधून बाहेर पडलं. कोकणातल्या बेने इस्राएल समाजानेही योसेफाची कथा मराठी कीर्तनात सांगितली आहे. तेव्हा परदेशी वर्कबुकचं भाषांतर करत बसू नका. शास्त्र पाच वेळा मोठ्याने वाचा, मिटून ठेवा आणि घरातल्या कुणाला तरी गोष्ट सांगा. जिथे अडखळाल तिथे पुन्हा वाचा. वर्गात गोष्ट तुमच्या बोलीत सांगायची, फक्त एक वाक्य पुस्तक हातात धरून जसंच्या तसं वाचायचं, म्हणजे ही गोष्ट कुठून आली हे मुलांना दिसतं.

चित्रं जरूर दाखवा, पण एका दिवशी एकच, आणि गोष्ट सांगून झाल्यावर. निळ्या डोळ्यांचा येशू दाखवायलाच हवा असं नाही. मूळचे गोव्याचे आणि पुण्याच्या ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमात राहिलेले चित्रकार आंजेलो दा फोन्सेका यांनी साडी नेसलेली मरीया रंगवली आहे. ते चित्र दाखवलं तेव्हा आमच्याकडे एक मुलगी म्हणाली, "ही माझ्या मावशीसारखी आहे."

आता व्यवहाराचं. रोज ३५ मिनिटं, त्याहून जास्त नको. झूमचा फुकटचा वर्ग ४० मिनिटांनी बंद पडतो, ती मर्यादा आपल्या फायद्याचीच आहे. पंचवीस मुलं एकत्र घेऊ नका. ५ ते ७ ची एक तुकडी, ८ ते १२ ची दुसरी, वेगवेगळ्या वेळेला. लहानांना २० मिनिटं पुरतात आणि त्यांच्याजवळ घरचं मोठं माणूस बसलेलं हवं. वेळ संध्याकाळची ठेवा, सहानंतरची. दिवसा फोन वडिलांबरोबर कामावर गेलेला असतो, ही गोष्ट शहरातल्या शिक्षकांच्या लक्षात येत नाही. आपले सहा म्हणजे दुबईत साडेचार, तेही जमतं. ज्यांच्या गावी रेंज नाही त्यांच्यासाठी रोजची गोष्ट सात-आठ मिनिटांत आवाजात रेकॉर्ड करून पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाका. ती रात्री अंगणात बाजेवर पडून सगळं घर ऐकतं. वर्गात आलेल्या मुलांपेक्षा या मुलांना गोष्ट जास्त आठवते, असा माझा दोन उन्हाळ्यांचा अनुभव आहे.

गाणं ऑनलाइनला एकत्र म्हणता येत नाही. प्रत्येकाचा आवाज वेगळ्या वेळी पोहोचतो आणि नुसता गलका होतो. सगळ्यांना म्यूट करून रोज एका घराला गायला सांगा, बाकीची आपापल्या घरी त्यांच्याबरोबर गातील आणि टाळ्या वाजवतील. ज्या घराची पाळी असते तिथे आदल्या रात्री तालीम होते, आजोबांचे टाळ निघतात, रेव्हरंड टिळकांचं एखादं भजन निघतं. सुवर्णवचन, म्हणजे पाठ करायचं शास्त्रातलं वाक्य, अख्ख्या आठवड्याला एकच द्या.

कॅमेरा बंद करणाऱ्या मुलांवर रागावू नका. कुणाच्या घरात एकच खोली असते, कुणाची आई मागे झोपलेली असते, कुणाला आपल्या भिंतीची लाज वाटते. कॅमेरा सुरू करा, हे मी कधीच म्हणत नाही. त्याऐवजी हाताला काम देते. "तीन मिनिटांत चादर आणि दोन खुर्च्यांचा अब्राहामाचा तंबू करा." तंबू झाला की तो दाखवायला कॅमेरा आपोआप सुरू होतो. गोष्ट सांगताना तुम्ही स्वतः उभ्या राहा, फोन डोळ्यांच्या उंचीवर टेकवा, तुमचे हात चौकटीत दिसू द्या आणि मुलांच्या चेहऱ्यांकडे नाही तर कॅमेऱ्याच्या भिंगाकडे बघा. मुलाला तेव्हाच वाटतं की ताई माझ्याकडे बघतेय.

चेहरे नीट दिसत नाहीत, म्हणूनच काही गोष्टी मी ऑनलाइन सांगत नाही. अब्राहाम आपल्या मुलाला, इसहाकाला, अर्पण करायला नेतो ती गोष्ट नऊ वर्षांखालच्या मुलांना नाहीच. समोर बसलेलं मूल घाबरलं तर कळतं, जवळ घेता येतं. बंद कॅमेऱ्यामागे रडणारं मूल मला दिसणार नाही. येशूच्या वधस्तंभाची गोष्ट सांगायची असेल तर तो पुन्हा उठतो ती तिसऱ्या दिवसाची पहाट त्याच वर्गात आली पाहिजे. "पुढचं उद्या" हे तिथे चालत नाही.

सुरक्षिततेत अजिबात ढिलाई नको. प्रत्येक वर्गात दोन मोठी माणसं, एक शिकवायला आणि एक लक्ष ठेवायला. वेटिंग रूम सुरू, मुलांचं आपसातलं खासगी चॅट बंद, स्क्रीन शेअर फक्त तुमच्याकडे. कोणत्याही मुलाशी एकट्याने व्हिडिओ कॉल करायचा नाही, मंडळीच्या पाळकांनी (पास्टरांनी) सुद्धा नाही. ग्रुप पालकांचा करा, मुलांचा नको. स्क्रीनशॉट काढून स्टेटसला लावायची हौस फार असते, ती पहिल्याच दिवशी थांबवा. पालकांची लेखी संमती घ्या, २०२३ च्या वैयक्तिक डेटाच्या कायद्यातही १८ वर्षांखालच्यांसाठी पालकांची संमती लागते असंच म्हटलं आहे. वर्गात एखादं मूल घरात किंवा बाहेर कुणी त्रास देतं असं बोलून गेलं तर ते ऐकून सोडू नका. चाइल्डलाइनचा १०९८ हा नंबर तुमच्या वहीच्या पहिल्या पानावर असू द्या.

एक प्रसंग तुमच्याकडेही येईलच. शेजारचा मित्र चौकटीत येऊन बसेल, ख्रिस्ती कुटुंबातला नसलेला. त्याला हाकलू नका, पण त्याच संध्याकाळी त्याच्या आईवडिलांशी बोला. आम्ही पवित्र शास्त्रातल्या गोष्टी सांगतो, गाणी म्हणतो, प्रार्थना करतो, तुमची हरकत आहे का? हरकत असेल तर तिचा मान ठेवा आणि पुन्हा विचारू नका. आणि मूल कुणाचंही असो, स्क्रीनवर हात वर करायला लावून येशूला स्वीकारायचा 'निर्णय' घ्यायला लावू नका. लहान मूल ताईला आवडावं म्हणून हात वर करतं. विश्वास देवाच्या वेळेने आणि घरातल्या माणसांच्या सोबतीने वाढतो, त्याची आपल्याला घाई नको.

सर्टिफिकेट जरूर द्या, मुलांना ते भिंतीवर हवं असतं. नाव मराठीत, नीट अक्षरात, प्रत्येकाचं हाताने लिहा. आम्ही मागची बाजू कोरी ठेवतो आणि मुलांना सांगतो की योसेफाची गोष्ट ज्यांना ज्यांना सांगाल त्यांची नावं तिथे लिहा, जून लागला की संडे स्कूलला घेऊन या. मागच्या वर्षी एका मुलीच्या कागदावर सात नावं होती. आजी, मावशी, दोन चुलत भाऊ, दूधवाले काका, तिचा आठ महिन्यांचा भाऊ, आणि शेवटी 'शेळी'. शेळीला कुठपर्यंत सांगितलीस, असं मी विचारलं. म्हणाली, "खड्ड्यापर्यंत. मग ती उठून गेली."